बाटलीवर नाव एकाचे, औषध दुसऱ्याचे

धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या किंवा जळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलजवळच्या कोणत्याही मेडिकल दुकानातून खोकल्याच्या औषधाची एक बाटली घ्यावी आणि तिचे लेबल उजेडात धरून वाचावे. ठळक अक्षरांत औषधाचे नाव असते. त्याखाली मध्यम अक्षरांत एका कंपनीचे नाव असते आणि त्याआधी ‘मार्केटेड बाय’ असे लिहिलेले असते. अगदी बारीक, चष्मा लावूनही वाचताना त्रास होईल अशा अक्षरांत दुसरे नाव असते: ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’. पत्ता बहुधा हिमाचलमधील बद्दीचा, उत्तराखंडातील हरिद्वार किंवा रुरकीचा, नाही तर गुजरातमधला. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेले आणि रुग्णाला आठवणारे नाव पहिले असते. औषध बनवले ते दुसऱ्याने.

यात बेकायदा काही नाही. याला औषध व्यवसायात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात आणि उद्योगाच्या भाषेत कंत्राटी उत्पादन. खान्देशाला हा व्यवहार नवा नाही. जिनिंगमध्ये दुसऱ्याच्या कापसातली सरकी ठरलेल्या दराने काढून गाठी बांधून दिल्या जातात. दालमिलमध्ये व्यापाऱ्याची तूर भरडून डाळ केली जाते. तूर आपली, गिरणी त्याची, मजुरी ठरलेली. जळगावच्या एमआयडीसीत मोठ्या ब्रँडसाठी विद्युत उपकरणांचे भाग बनवून देणारे कारखाने आहेत आणि त्यांतल्या एकाने शेअर बाजारापर्यंतही मजल मारली. ‘जॉबवर्क’ हा शब्द इथे सातवीतल्या मुलालाही कळतो.

फरक एवढाच की डाळीत खडा असेल तर तो पहिल्याच घासाला दाताखाली येतो. कापूस ओला निघाला तर गाठ फोडताच समजते. औषधाचे तसे नाही. गोड, लाल, घट्टसर द्रव बाटलीत चांगला असला काय आणि विषारी असला काय, डोळ्यांना, जिभेला, नाकाला सारखाच. त्यामुळे जे कंत्राटी उत्पादन इतर उद्योगांत प्रगतीची पहिली पायरी ठरले, ते औषधात कोणत्या अटीवर तसे ठरते, हे पाहणे गरजेचे झाले आहे.

ज्या देशांत कारखाने उशिरा आले त्यांच्याकडे सुरुवातीला स्वतःचे तंत्रज्ञान नसते, ब्रँड नसतो, परदेशी दुकानात आपला माल ठेवण्याची ओळख नसते. असतात ती माणसे, कमी मजुरी आणि शिकण्याची तयारी. अशा देशाने दुसऱ्याच्या नावाने माल बनवून द्यायचा आणि बनवता बनवता शिकायचे, हा मार्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तैवानने सर्वांत चांगला वापरला. सायकलचे उदाहरण बोलके आहे. १९७२ मध्ये सुरू झालेली तैवानची ‘जायंट’ कंपनी परदेशी कंपन्यांसाठी सायकली बनवून देत असे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील प्रसिद्ध ‘श्विन’ कंपनीच्या शिकागो येथील कारखान्यात संप झाला आणि श्विनने आपले बरेच काम जायंटकडे वळवले. श्विनचे अभियंते तैवानला जात, सांगाडे तपासत, जोड नीट नसलेला माल परत पाठवत. जायंट त्यातून शिकली. पुढे श्विनने अधिक स्वस्त पर्याय चीनमध्ये शोधला, तोपर्यंत जायंटने स्वतःच्या नावाने सायकली विकायला सुरुवात केली होती. १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरी जाहीर केली. जायंट आज जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल उत्पादकांत आहे.

ही गोष्ट कष्टाची म्हणून सांगितली जाते. खरे तर ती खरेदीदाराची गोष्ट आहे. माल घेणाऱ्याला बनवणाऱ्यापेक्षा जास्त कळत होते आणि तो माल नाकारत होता. म्हणून बनवणारा वर चढला.

जळगावातही याच्या जवळचे एक उदाहरण आहे, आणि तेही औषधाशी नाते असलेले. १९७८ मध्ये भवरलाल जैन यांनी लिलावात निघालेला, केळीची पावडर बनवणारा आजारी कारखाना ३० लाख रुपयांना घेतला. तिथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन हे विकर शुद्ध करण्याचे काम सुरू झाले. पपेन पचनाच्या औषधांत आणि खाद्यउद्योगात लागते आणि परदेशी खरेदीदार ते शुद्धतेच्या मोजमापावर घेतात. माल परदेशी कंपनीच्या उत्पादनात विरून जाणार, त्यावर जळगावचे नाव येणार नाही, पण शुद्धता कमी भरली तर पिंप परत येणार. ठिबक सिंचन आणि पाइप हे त्यानंतरचे. केळी-पपईच्या पट्ट्यातून कठोर परदेशी ग्राहकाला माल देण्याची सवय आधी लागली.

औषधांच्या बाबतीत भारताची सुरुवातही अशीच आशादायक होती. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला आणि औषधावर नव्हे तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळू लागले. भारतीय रसायनतज्ज्ञांनी त्याच औषधांच्या वेगळ्या पद्धती शोधल्या. औषधे स्वस्त झाली. स्वतःचा कारखाना नसलेल्याला दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात औषध बनवून घेता यावे म्हणून ‘लोन लायसन्स’ची सोय कायद्यात होतीच. मुंबई, ठाणे आणि नाशिक पट्ट्यातले अनेक लहान कारखाने अशा कामावर चालत.

मग दोन-अडीच वर्षांत तीन गोष्टी घडल्या. २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडातील नव्या कारखान्यांना दहा वर्षे अबकारी शुल्कात पूर्ण सूट आणि आयकरात सवलत दिली. जानेवारी २००५ पासून औषधांवरील अबकारी शुल्क कारखान्यातील किमतीऐवजी छापील कमाल किमतीच्या आधारे आकारले जाऊ लागले, म्हणजे ज्याला सूट नाही त्याचा बोजा एकदम वाढला. जुलै २००५ पासून कारखान्याच्या स्वच्छतेचे आणि यंत्रणेचे नवे निकष, म्हणजे ‘शेड्यूल एम’, बंधनकारक झाले. महाराष्ट्रातल्या लहान कारखानदाराने हिशेब केला. इथे खर्च करून जुना कारखाना सुधारायचा आणि वर शुल्क भरायचे, की बद्दीला नवा बांधायचा, नाही तर बद्दीतून करून घ्यायचे? बहुतेकांचे उत्तर एकच आले. देशातल्या औषधांच्या मोठ्या भागाचे उत्पादन डोंगराच्या पायथ्याशी गेले ते पाण्यासाठी किंवा हवेसाठी नव्हे, करासाठी गेले.

आज एखाद्या तालुक्याच्या गावी ‘औषध कंपनी’ काढणे किती सोपे आहे, हे बाहेरच्याला सांगितले तर पटत नाही. घाऊक विक्रीचा परवाना, जीएसटी क्रमांक, नाव नोंदवलेला ब्रँड आणि एका बॅचचे पैसे एवढे असले की काम होते. बद्दी किंवा हरिद्वारचा कारखाना आपल्या यादीतला फॉर्म्युला दाखवतो, बाटलीचा रंग आणि लेबल ठरते, काही आठवड्यांत खोकी येतात. या व्यवसायात ‘पीसीडी’ किंवा ‘प्रोपगंडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपन्या अशा चालतात. प्रतिनिधी ठरावीक दवाखान्यांतच जातो आणि औषध ठरावीक दुकानांतच मिळते. काही ठिकाणी डॉक्टरच नातेवाइकाच्या नावाने भागीदार असतो, हे वैद्यकीय वर्तुळात सर्वांना माहीत असते आणि सभेत कोणी बोलत नाही. रुग्णाला दुसऱ्या दुकानात ते औषध मिळाले नाही की तो समजतो, औषध भारीचे असणार.

या साखळीत माल नाकारणारा खरेदीदार कुठे आहे? ब्रँडचा मालक व्यापारी आहे. त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, औषधनिर्मितीतला माणूस नाही, कारखाना त्याने बहुधा पाहिलेला नसतो. त्याचा प्रश्न दराचा असतो. बनवणाऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त कळते आणि दोघांनाही घाई असते. तैवानमध्ये जे घडले त्याच्या बरोबर उलटी ही रचना आहे. इथे कंत्राटी उत्पादन शिडी होत नाही, तळघर होते.

याच देशात दुसऱ्या टोकाचे उदाहरणही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्ड आणि ॲस्ट्राझेनेका यांच्या तंत्रावर कोव्हिशिल्ड बनवली. शोध दुसऱ्याचा, उत्पादन पुण्याचे. पण तिथे तंत्रासोबत चाचण्यांच्या पद्धती आल्या, आणि लसीची प्रत्येक बॅच बाजारात येण्याआधी कसौलीच्या केंद्रीय प्रयोगशाळेची मोहोर लागत होती. अमेरिकेला गोळ्या पाठवणाऱ्या भारतीय कारखान्यांतही तिथल्या औषध प्रशासनाचे निरीक्षक येऊन कागद उलगडतात. याच देशातले कामगार, याच देशातले रसायनतज्ज्ञ. पलीकडे बसलेला ग्राहक तेवढा वेगळा.

ग्राहक झोपलेला असला की काय होते, त्याचे नाव डायएथिलीन ग्लायकॉल. मुलांच्या पातळ औषधांत पॅरासिटामॉलसारखे पदार्थ विरघळवण्यासाठी प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला आणि चवीला तसेच, पण ते औद्योगिक रसायन आहे, ब्रेक ऑइलमध्ये आणि रंगांत जाणारे. औद्योगिक दर्जाचे पिंप स्वस्त असते, आणि व्यापाऱ्यांच्या तीन-चार हातांतून फिरताना त्याचे लेबल बदलू शकते. शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे रूपांतर होऊन जे आम्ल तयार होते ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांचे अस्तर मारून टाकते. मूल आधी उलट्या करते, मलूल होते, पालकांना वाटते ताप उतरत नाही म्हणून. मग लघवी कमी होते आणि थांबते. तोपर्यंत डायलिसिस हाच आधार उरतो, आणि तीन वर्षांच्या मुलाचे डायलिसिस करू शकणारी केंद्रे आजही मोठ्या शहरांतच आहेत.

हे विष वैद्यकाला १९३७ पासून माहीत आहे. त्या वर्षी अमेरिकेत एका पातळ सल्फा औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला. भारतात १९७३ मध्ये चेन्नई, १९८६ मध्ये मुंबई, १९९८ मध्ये दिल्ली परिसर, २०२० मध्ये जम्मूतील रामनगर. मुंबईची घटना महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे. जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा आणि डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन दिले गेले. ते ग्लिसरीन औषधी दर्जाचे नव्हते. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बी. लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, तपासणी आणि अन्न व औषध प्रशासन यांतल्या सड्यावर बोट ठेवले आणि अहवालानंतर तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. राजकारण हलले, पिंप मात्र हलले नाही.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा उघडले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ हे सर्दीचे औषध घेतलेली वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मर्यादा ०.१ टक्का आहे. कांचीपुरमजवळच्या त्या कारखान्याच्या तपासणीत ३६४ त्रुटी नोंदल्या गेल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही या बॅचबाबत इशारा काढला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कोल्ड्रिफ हे कंत्राटी उत्पादन नव्हते. कंपनीने ते स्वतःच्याच कारखान्यात, स्वतःच्याच नावाने बनवले होते. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुलांच्या मृत्यूशी ज्या हरियाणाच्या कंपनीच्या औषधांचा संबंध जोडला गेला, तिचेही तसेच. म्हणजे स्वतःचा कारखाना असणे ही काही सुरक्षिततेची हमी नाही. कंत्राटामुळे विष तयार होत नाही. कंत्राटामुळे ते कुठून आले हे शोधणे अवघड होते, आणि जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे टोलवता येते. २०२३ मध्ये इराकमधल्या एका खोकल्याच्या औषधाबाबत जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. लेबलवर चेन्नईच्या कंपनीचे नाव उत्पादक म्हणून होते, ते बनवले होते दुसऱ्याच एका कंपनीसाठी, आणि विचारणा झाल्यावर चेन्नईच्या कंपनीने सांगितले की काम प्रत्यक्षात पुद्दुचेरीच्या तिसऱ्याच कारखान्याला दिले होते. बगदादच्या दुकानातल्या बाटलीवर त्या तिसऱ्याचा मागमूस नव्हता.

कायदा याबाबत अगदीच आंधळा नाही. १ मार्च २०२१ पासून औषध विकणारी कंपनी, म्हणजे ‘मार्केटेड बाय’वाली, गुणवत्तेसाठी उत्पादकाइतकीच जबाबदार धरली जाते. हा बदल महत्त्वाचा आहे आणि खान्देशातल्या किती ब्रँडमालकांना तो माहीत आहे, हा प्रश्नच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये शेड्यूल एम पुन्हा कडक झाले. २५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या कारखान्यांना आधी वर्षभराची आणि मागून अर्ज करणाऱ्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतची मुदत मिळाली. लहान कारखानदारांच्या संघटना म्हणतात, एवढा खर्च झेपणार नाही, कारखाने बंद पडतील, औषधे महागतील. त्यांची तक्रार सगळीच खोटी नाही. पण प्रोपिलीन ग्लायकॉलचे प्रत्येक पिंप तपासणे ज्याला परवडत नाही, त्याला मुलांचे औषध बनवणेही परवडत नाही.

खुपणारी गोष्ट वेगळी आहे. जून २०२३ पासून खोकल्याचे औषध परदेशी पाठवायचे असेल तर आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र लागते. छिंदवाड्याला पाठवायचे असेल तर लागत नव्हते. गांबियाच्या मुलासाठी एक चाळणी आणि परासियाच्या मुलासाठी दुसरी, असा हा हिशेब होता.

सरकारी रुग्णालयेही कंत्राटी उत्पादनाचे गिऱ्हाईक. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय असो की २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथे येणारा रुग्ण साक्री, शिरपूर, यावल, रावेरच्या पाड्यांतला आणि सीमेपलीकडच्या सेंधवा-बऱ्हाणपूरचाही असतो. त्याला औषध निवडण्याची सोय नसते. खिडकीतून जे मिळेल ते घ्यायचे. खरेदी निविदेने होते आणि सर्वांत कमी दराला काम मिळते. राज्यात खरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे होती, २०२३ पासून त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आले. साठा संपला की स्थानिक खरेदी होते आणि तिथेच फट राहते. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांत औषधच नव्हते. तपासात धागे हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय औषधांच्या कारखान्यापर्यंत गेले. गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचे पोलिसांनी आरोपपत्रात म्हटले, आणि लेबलवर ज्या गुजराती कंपनीचे नाव होते ती अस्तित्वातच नव्हती. विषमज्वराच्या रुग्णाला ती गोळी दिली असेल तर डॉक्टरने तिसऱ्या दिवशी काय केले असेल? गोळीला जंतू दाद देत नाहीत असे समजून वरचे, महागडे इंजेक्शन सुरू केले असेल. प्रतिजैविकांना जंतू निर्ढावल्याची जी ओरड होते, तिच्यातला काही भाग असा टाल्कम पावडरचा आहे.

जनऔषधी केंद्रांचे प्रारूप या संदर्भात लक्ष देण्याजोगे आहे. तिथली औषधेही सरकारी संस्था स्वतः बनवत नाही, ती कारखान्यांकडून निविदेने करून घेते. पण अट अशी की पुरवठादाराकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांचे प्रमाणपत्र हवे आणि माल गोदामात आल्यावर प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच दुकानात जाते. तिथेही नमुने कधीमधी नापास होतात. पण नापास होतात याचाच अर्थ कोणीतरी तपासते आहे.

खान्देशात आता नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीची, सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाची चर्चा आहे. मुलांना पुणे-सुरतेला जावे लागू नये, इथेच कारखाने यावेत, ही अपेक्षा रास्तच. त्यात औषधाचे कारखाने येणार असतील तर सवलती मागणाऱ्यांनी जमिनीच्या दरासोबत एका औषध चाचणी प्रयोगशाळेचीही मागणी करायला हवी. अन्न व औषध प्रशासनाच्या राज्यातल्या प्रयोगशाळा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा दूरच्या शहरांत आहेत. नमुना जाऊन अहवाल येईपर्यंत ती बॅच बहुतेक विकून झालेली असते. गॅस क्रोमॅटोग्राफचे यंत्र आणि ते चालवणारी चार प्रशिक्षित माणसे जळगावात असली, तर जिल्ह्यातल्या ब्रँडमालकांनाही आपला माल पाठवण्याआधी तपासून घेता येईल. इथल्या विद्यापीठातून रसायनशास्त्राचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात आणि त्यांतले कितीतरी औषधे विकण्याच्या नोकरीला लागतात. त्यांतल्या थोड्यांना औषधे तपासण्याचे काम मिळाले तर बिघडणार नाही.

तोवर घरात काय करायचे? ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीचे औषध देऊ नये आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ते सहसा देऊ नये. बहुतेक मुलांचा खोकला पुरेसे पाणी, विश्रांती आणि थोड्या दिवसांच्या धीराने बरा होतो. धाप लागत असेल, मूल पीत नसेल तर दवाखाना गाठायचा. डॉक्टरने औषध दिलेच तर बाटली आणि बिल मूल बरे होईपर्यंत टाकायचे नाही, कारण बॅच क्रमांक त्यावरच असतो. औषध सुरू असताना मुलाला सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा ते एकाएकी सुस्त पडले, तर औषध लगेच थांबवून बाटलीसकट रुग्णालयात जायचे. शंकास्पद औषधाची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या विनाशुल्क क्रमांकावर करता येते. फोन करताना लेबलवरची दोन्ही नावे सांगायची, बारीक अक्षरांतले आधी.